कसबाला हिशेबाची जोड



औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम संपतो तेव्हा तरुणाचा हात बसलेला असतो. तरीही एखाद्या शेतकऱ्याने गोठ्याच्या गेटाचा भाव विचारला की तो अडखळतो, कारण शिकताना जोडलेले लोखंड त्याला कधी कोणाला विकावे लागलेले नसते. तरुणांच्या बेकारीच्या चर्चेत या उणिवेकडे क्वचितच लक्ष जाते.

हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील शिक्षणाचा कणा म्हणजे लोकोपयोगी सेवा, अर्थात विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांची खरी कामे मोबदला घेऊन करणे. गिऱ्हाईक पैसे मोजते तेव्हा वाकडी चौकट चालत नाही आणि दिलेली तारीखही पाळावी लागते. ही शिस्त कोणत्याही परीक्षेने लागत नाही, आणि कलबागांच्या कार्याचे खरे मोल येथेच आहे.

भाव काढताना नवशिका लोखंड, रॉड आणि वीज धरतो, स्वतःची मजुरी अनेकदा विसरतो आणि घसारा तर हमखास विसरतो. घसारा म्हणजे वापराने व काळाने यंत्राच्या किमतीत होणारी घट. ६०,००० रुपयांची यंत्रे पाच वर्षे चालतील आणि शेवटी त्यांचे काहीच येणार नाही असे धरले, तर महिन्याला १,००० रुपये कामांच्या भावातूनच निघाले पाहिजेत. त्याहून जाचक प्रश्न खेळत्या भांडवलाचा, म्हणजे माल घेतल्यापासून बिल वसूल होईपर्यंत अडकून राहणाऱ्या रकमेचा असतो. हाताला काम असूनही वर्कशॉप बंद पडते ते बहुधा उधारीपायी, आणि उद्योजकतेच्या वर्गांत मात्र धाडसाची भाषणे व कर्जाचे अर्ज यांवरच भर असतो, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून प्रमाणपत्र मिळताच कर्ज काढू नये. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येते. तथापि ज्याला पुढे स्वतःचे दुकान थाटायचे आहे, त्याने काही काळ अशा छोट्या वर्कशॉपमध्येही काढावा, जेथे मालक गिऱ्हाइकासमोर माप घेतो, कोटेशन लिहितो आणि आगाऊ रक्कम मागतो. पहिले स्वतंत्र काम लहान घ्यावे, त्याचा अंदाजी खर्च आधी वहीत लिहावा, आणि बिल वसूल झाल्यावर प्रत्यक्ष खर्च त्याच पानावर शेजारी मांडून फरक कोठे पडला ते शोधावे.