फिनाइलच्या वासातही जंतू टिकतात कसे?

प्रश्न : पक्षाघात झाल्यामुळे वडिलांना मालवणहून मोठ्या रुग्णालयात हलवलं. काही दिवसांनी त्यांच्या लघवीत ‘औषधांना दाद न देणारा’ जंतू सापडला आणि त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. सतत फिनाइलने पुसल्या जाणाऱ्या जागेत हे झालं कसं? गोळ्या खाऊन खाऊन त्यांच्या शरीराला औषधांची सवय झाली होती का?

उत्तर : सवय शरीराला होत नाही, औषधाला तोंड द्यायला जंतू शिकतो. त्यामुळे जन्मात कधी अँटिबायोटिक न घेतलेल्यालाही असा जंतू दुसऱ्याकडून लागू शकतो.

अँटिबायोटिकने साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि रिकामी जागा व्यापतात. रुग्णालयात ही औषधं खूप वापरावी लागतात, म्हणून तिथे हे जास्त घडतं. शिवाय प्रतिकाराचं जनुक एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीलाही देतो. 2009च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे 24 जंतू सापडले. त्यांपैकी 22 जंतूंकडे एनडीएम-1 या जनुकाचं एकच हत्यार होतं.

असा जंतू बरेचदा आतड्यात निमूट पडून असतो. लघवीची नळी, सलाईनची सुई किंवा व्हेंटिलेटर यांमुळे त्याला आत शिरायला वाट मिळते. म्हणून नळी असेल तर ‘आज काढता येईल का?’ हे डॉक्टरांना रोज विचारा. यात त्यांचा अपमान नाही.

आता फिनाइल. त्याने लादी स्वच्छ होते. पण या खाटेवरून त्या खाटेवर जंतू जातो तो मुख्यतः हातांवरून. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, आपला मोबाइल, सगळीकडे तेच हात लागतात. हातमोजे घातले की झालं, हाही गैरसमज. तेच मोजे घालून दुसऱ्या रुग्णाला हात लावला तर उपयोग शून्य.

आणि हे फक्त नर्सचं काम नाही. आपल्याकडची माणसं शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही पेज भरवतात, त्यांची उशी सारखी करतात. ही माया सोडू नका. मधल्या दोन पावलांत हात तेवढे स्वच्छ करा: सॅनिटायझर असेल तर 20 ते 30 सेकंद चोळून, हात मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील तर साबण-पाण्यानेच.

वेगळी खोली म्हणजे वाळीत टाकणं नव्हे. इतर अशक्त रुग्णांना वाचवण्याचा तो उपाय आहे. घरी आल्यावर वडिलांचं ताट वेगळं करायची गरज नाही, नातवंडांनी त्यांच्या कुशीत बसायलाही हरकत नाही. लघवीची पिशवी किंवा डायपर हाताळल्यावर मात्र साबणाने हात धुवायलाच हवेत.

आपल्या मालवणकडचा रुग्ण आज ओरोसच्या, उद्या बांबोळीच्या, परवा कोल्हापूरच्या रुग्णालयात जातो आणि जंतूही त्याच्यासोबत फिरतो. तेव्हा लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट फाइलमध्ये वर ठेवा आणि पुढे कुठेही दाखल करताना, खाट मिळण्याआधीच, तो नर्सच्या हातात द्या.