‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : मी कारकुनी करून निवृत्त झालो. उभ्या नोकरीत पत्राच्या शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं, कोणी हटकलं नाही. माझंच ऐकून मुलानं ते लंडनच्या साहेबाला मेलमध्ये लिहिलं. साहेबानं उलट विचारलं, ‘म्हणजे नक्की काय करू?’ आता मुलगा म्हणतो, ‘बाबा, हे असं नका लिहीत जाऊ.’ हे इंग्रजी चूक आहे का?
— एक वाचक, खापा (जि. नागपूर)

उत्तर : व्याकरणात तुम्ही पास आहात. विशेषणाआधी ‘द’ लावून त्याचं नाम करायची इंग्रजीत रीतच आहे. ‘द रिच’, ‘द पुअर’ तसंच ‘द नीडफुल’. फक्त तो ‘द’ गाळू नका आणि ‘नीडफुल्स’ असं अनेकवचन करू नका. हा प्रयोग आपण घडवलेलाही नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रज स्वतः असंच लिहीत. पुढे त्यांनी तो टाकला, आपल्या कचेऱ्यांनी जपला. गंमत म्हणजे तिकडच्या बोलीत ‘द नीडफुल’चा एक अर्थ पैसे असाही आहे. त्या अर्थानं आपल्याकडच्या काही टेबलांवर तो आजही अचूक बसेल, पण ते असो.

मग साहेब अडला कुठे? जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ असे. समोरचा सुज्ञ आहे, काय करायचं ते जाणतो, हा त्यामागचा भरवसा. आजच्या सरकारी पत्रातलं ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ त्याच वळणाचं, आणि ‘डू द नीडफुल’सुद्धा. ठरलेल्या टेबलावर ठरलेलाच कागद जात असेल, तर तेवढं पुरतं. तुमचं भागलं ते त्यामुळे. लंडनच्या साहेबाला तो सराव नाही.

तुमच्या खाप्यातल्याच एखाद्या कोष्ट्याकडे सुताच्या लडी पाठवून ‘योग्य ते करा’ एवढंच कळवून बघा. लुगडं की धोतर, पन्हा किती, काठ कोणता, हे विचारल्याशिवाय तो मागावर बसणार नाही. साहेबानं त्याहून वेगळं काय विचारलं?

मुलाला हवं ते काम क्रियापदानिशी लिहायला सांगा. सही हवी तर ‘प्लीज साइन द अटॅच्ड फॉर्म’. ‘नीडफुल’ची गरजच उरत नाही. आणि ‘प्लीज काइंडली’ असा दुहेरी नमस्कारही नको, एक पुरे.

जाता जाता ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’बद्दल. आपण ते ‘लवकरात लवकर’ म्हणून वापरतो. इंग्रजाच्या कानाला मात्र ‘फ्रायडे अ‍ॅट द अर्लिएस्ट’ म्हणजे शुक्रवारच्या आधी नाहीच! घाई असेल तर ‘बाय फ्रायडे’ लिहावं, नाहीतर साहेब शुक्रवार उजाडेपर्यंत निवांत बसेल, आणि चूक त्याची नसेल.