सूर्य वैरी होतो तेव्हा

सूर्यनमस्कार घालताना आपण सूर्याचे जे पहिले नाव घेतो ते 'मित्र'. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत हा मित्र जन्मापासूनच वैरी असतो. थोडा वेळ उन्हात नेले तरी त्यांची कातडी पुष्कळदा भाजल्यासारखी लाल होते, चेहऱ्यावर व हातांवर लहानपणीच काळसर ठिपके उठतात आणि जपले नाही तर वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी १८७० च्या सुमारास या रोगाचे वर्णन केले. 'झेरोडर्मा पिगमेंटोझम' हे त्याचे नाव. त्याचे कारण कळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आपल्या प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाची एक दुपदरी पोथी असते. ती चारच अक्षरांत लिहिलेली आहे. उन्हातील अतिनील किरणांमुळे या पोथीतील शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात. पुढे पोथीची नक्कल करताना तेथे चूक होते. अशा चुका पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांत साचल्या की कर्करोग उद्भवतो. ही इजा तुमच्या-माझ्या त्वचेतही रोज होत असते. मग आपण वाचतो कसे?

याचे उत्तर १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स क्लीव्हर यांना मिळाले. निरोगी माणसाच्या पेशी ही इजा दुरुस्त करतात, या रोग्यांच्या पेशींना ते नीट साधत नाही, असे त्यांनी दाखविले. पुढे १९७२ मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या रोग्यांच्या पेशी एकत्र जोडल्या, तेव्हा काही जोड्यांत दुरुस्ती सुरू झाली! एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. अर्थात दोघांतील दोष वेगवेगळ्या जनुकांत होता. अशी आठ जनुके आज ठाऊक आहेत.

त्यांपैकी 'एक्सपीए' हे नवव्या गुणसूत्रावर आहे. जपानी संशोधकांनी ते १९९० मध्ये वेगळे केले. जपानमधील रोग्यांत याच जनुकाचा दोष सर्वाधिक आढळतो. त्याचे प्रथिन अवघ्या २७३ अमिनो आम्लांचे. त्याला स्वतःला काही कापता येत नाही. दुसरी प्रथिने इजा हुडकतात आणि पोथीचे पदर उलगडतात. एक्सपीए इजेची खातरजमा करण्यास हातभार लावते आणि कात्रीचे काम करणाऱ्या प्रथिनांना योग्य जागी बसविते. मग इजेच्या दोन्ही बाजूंस छेद घेऊन सुमारे तीस अक्षरांचा तुकडा काढला जातो आणि समोरचा पदर पाहून नवा भरला जातो. हातात हत्यार नसलेला हा मुकादम गैरहजर राहिला की सारे काम ठप्प! या दुरुस्तीचा उलगडा करणारे अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टॉमस लिंडाल व पॉल मॉड्रिच यांच्यासह मिळाले.

हा रोग होण्यास आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. ते दोघे बहुधा स्वतः निरोगी असतात. प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक असतो. नात्यातील लग्नांत दोघांकडेही तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल काही समाजांत आहे, म्हणून हे जाणून घेणे अगत्याचे. तसेच यात मातेचा दोष नाही की पूर्वजन्मीचे पापही नाही.

रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. एक्सपीएच्या दोषात मज्जासंस्थेचीही हानी होते. ती थांबविता येत नाही. मात्र लहानपणीच निदान झाले, अंगभर कपडे घातले, खिडक्यांना अतिनील किरण अडविणारे आवरण लावले आणि वेळोवेळी त्वचा तपासून घेतली तर कर्करोग पुष्कळ अंशी टाळता येतो. त्या मुलांच्या पेशींना जी दुरुस्ती साधत नाही, तिची उणीव आपल्या दक्षतेने जमेल तितकी भरून काढणे एवढे तरी आपल्या हाती आहे.