भागीदार कसा निवडावा? वर्ध्याच्या मगनवाडीचा धडा

आपल्याकडे धंद्याची सुरुवात बहुधा चहाच्या टपरीवर होते. एकाच्या हातात कसब असते, दुसऱ्याजवळ थोडी रक्कम असते, तिसऱ्याची गावात ओळख असते. "चला, मिळून काहीतरी करू," असे ठरते, हातात हात दिला जातो आणि दुकानाचे शटर वर जाते. दोन-चार वर्षांनी त्याच मित्रांच्या घरांत सलाम-दुआ बंद झालेली दिसते. पैसा बुडाला तर पुन्हा कमावता येतो. तुटलेली दोस्ती आणि भावाभावांतील बिघाड मात्र सहसा भरून निघत नाही. त्याचे कारण पुष्कळदा बाजारात नसते. पहिल्या दिवशी माणसे कशी निवडली आणि आपसात काय ठरवले, यात असते.

या गोष्टीचा अभ्यास करावयाचा तर आपल्या वर्ध्यातच एक उत्तम उदाहरण आहे.

मगनवाडीची मंडळी

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव झाला आणि १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्यासाठी दिली, तीच मगनवाडी. संघ नफ्यासाठी नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. परंतु तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन अशी कामे उभी करावयाची होती, म्हणजे माणसे निवडण्याचा प्रश्न कोणत्याही नव्या कारखान्यासारखाच होता.

गांधीजींनी मार्गदर्शकाची जागा घेतली, अध्यक्षपद मात्र घेतले नाही. अध्यक्ष आणि खजिनदार झाले वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, पेशाने वकील. चिटणीस आणि संघटक झाले तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ जे. सी. कुमारप्पा, लंडन व अमेरिकेत शिकलेले हिशेबतज्ज्ञ. मंडळात सरहद्द प्रांताचे डॉ. खानसाहेब होते, म्हणजे खान अब्दुल गफार खान यांचे बंधू. त्या वर्षी हे दोघे भाऊ वर्ध्यात जमनालालजींकडे राहिले होते. दादाभाई नौरोजींच्या नात गोशीबेन कॅप्टन, मुंबईचे व्यापारी शूरजी वल्लभदास, रसायनशास्त्र शिकलेले डॉ. प्रफुल्लचंद्र घोष, तसेच खादीकामात मुरलेले शंकरलाल बँकर आणि लक्ष्मीदास आसर होते. सल्लागारांच्या यादीत मद्रासचे चामड्याचे मोठे व्यापारी जमाल मोहम्मद साहेब आणि सेंट्रल बँकेचे संस्थापक सोराबजी पोचखानवाला यांचीही नावे होती.

या यादीत एकमेकांसारखी माणसे फार थोडी आहेत. कायदा, हिशेब, वैद्यक, रसायन, व्यापार, बँक असे एकेक अंग एकेकाने भरून काढले. आपण भागीदार शोधताना नेमके उलट करतो. आपल्याच मोहल्ल्यातला, आपल्याच धंद्यातला, आपल्यासारखाच विचार करणारा माणूस घेतो. मग तीन सुतार एकत्र येतात, माल सुरेख बनतो, पण उधारी वसूल करावयास कोणी नसतो.

"नाही" म्हणणारा हिशेबनीस

कुमारप्पांची निवड कशी झाली हेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला मोठा भूकंप झाला. मदत निधीच्या हिशेबाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चावर त्यांनी कडक मर्यादा घातली होती. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले तेव्हा या मंडळींचा खर्च निधीतून मिळणार नाही, असे कुमारप्पांनी महादेव देसाईंना स्पष्ट कळवले. गांधीजींनी ते मान्य केले आणि त्याच वर्षअखेर नव्या संघाचे काम याच माणसाच्या हाती दिले.

व्यापारी बांधवांनी ही गोष्ट मनात ठेवावी. गल्ल्याची चावी अशाच्या हाती द्यावी, जो धंद्याच्या मुख्य मालकालाही "ही रक्कम दुकानाची आहे, घरखर्चासाठी नाही" असे तोंडावर सांगू शकेल. हिशेबनीस मालकाच्या शब्दाबाहेर जात नसेल, तर इतर भागीदारांची अमानत सुरक्षित राहत नाही.

कारागिराचे स्थान

मगनवाडीत घाणी सुधारण्याचे काम झव्हेरभाई पटेल यांनी केले, तर जवळच नालवाडीत चामडे कमावण्याचे चर्मालय गोपाळराव वाळुंजकर यांनी चालवले. कामाची सूत्रे काम जाणणाऱ्यांच्या हाती होती. आपल्याकडे मात्र पैसा घालणारा "मालक" होतो आणि हुनर आणणारा "कामगार" राहतो. चांगला कारागीर अशा ठिकाणी फार दिवस टिकत नाही. तो गेला की यंत्रे उरतात, धंदा जातो.

तिघेही प्रामाणिक, तरी भांडण

समजा, हिंगणघाटात तिघांनी गेट-ग्रिलचे वेल्डिंगचे दुकान टाकले. पहिल्याने ३ लाख रुपये घातले, दुसरा दिवसभर वेल्डिंग करतो, तिसरा ऑर्डर आणतो. वाटणीचे काही ठरले नाही. वर्षाला ३ लाख नफा झाला.

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो आणि केलेल्या कामाबद्दल पगार मागण्याचा हक्क कोणालाही नसतो. प्रत्येकाला १ लाख मिळतील. पैसेवाला म्हणेल, "रक्कम माझी अडकली." कारागीर म्हणेल, "डोळे माझे जळाले." तिसरा म्हणेल, "मी नसतो तर गिऱ्हाईक कुठून आले असते?" कोणीही चोरी केलेली नाही, तरी तिघेही नाराज. हेच प्रमाण आधी ४०, ४० व २० टक्के ठरले असते, तर १ लाख २० हजार, १ लाख २० हजार व ६० हजार मिळाले असते आणि तक्रारीला जागा उरली नसती.

आपल्या परंपरेत मुदारबतची रीत आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात. कारागिराची कसूर नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. असे आपसात लिहून ठेवता येते. परंतु भागीदारी फर्मच्या कर्जासाठी बाहेरचा सावकार किंवा बँक कोणत्याही एका भागीदाराकडून पूर्ण रक्कम मागू शकते. आपले राहते घरही त्यात अडकू शकते. म्हणून भागीदाराच्या जुन्या देण्याघेण्याची चौकशी आधी करावी. त्यात संकोच बाळगू नये. जबाबदारी मर्यादित हवी असेल तर २००८ च्या कायद्याप्रमाणे मर्यादित दायित्व भागीदारी नोंदवता येते.

लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे

"भावाभावांत कसला कागद?" असे आपण म्हणतो. पण मुदतीचा व्यवहार लिहून घ्यावा व त्यावर साक्षीदार ठेवावेत, ही कुरआनची स्पष्ट शिकवण आहे. शिवाय फर्मची नोंदणी नसेल तर करारातील येणे वसूल करण्यासाठी फर्मला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. भागीदार निघून गेला तर जाहीर नोटीस द्यावी, अन्यथा पुढच्या देण्यासाठीही तो अडकू शकतो.

माणूस जाणार हेही धरून चालावे. डॉ. खानसाहेब १९३७ मध्ये सरहद्द प्रांताचे मुख्यमंत्री झाले. पुढे चळवळीत कुमारप्पा तुरुंगात गेले. तरी संघ चालू राहिला, कारण काम एकाच माणसावर टांगलेले नव्हते. १९३८ मध्ये सुरू झालेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात उभे आहे.

पहिल्या बैठकीचे प्रश्न

शटर उघडण्यापूर्वी भागीदारांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत व सर्वांनी सह्या कराव्यात:

१. या धंद्याला कोणती कामे लागतात? प्रत्येक कामापुढे कोणाचे नाव आहे? कोणती जागा रिकामी आहे?
२. कोण किती रक्कम घालणार आणि नफा-तोट्याचे प्रमाण काय?
३. दरमहा घरासाठी कोण किती उचल घेणार?
४. हिशेब कोण लिहिणार आणि कोण तपासणार? दोन्ही एकच माणूस नसावा.
५. कर्ज, उधारी, मोठी खरेदी किती जणांच्या संमतीने?
६. कोणी सोडून गेला, आजारी पडला किंवा वारला तर त्याचा वाटा कसा मोजावयाचा? करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते.
७. वाद झाल्यास पंच कोण?

या बैठकीतच एखादा मित्र रागावून उठून गेला, तर वाईट वाटून घेऊ नये. तो आज उठला; मधे दुकान, कर्ज आणि दोन कुटुंबांची रोजी आल्यावर उठला असता तर नुकसान फार मोठे झाले असते. आणि तो मित्र म्हणून तरी शिल्लक राहील.