भिंतीवरची खिडकी

तुरुंगातून पलायन म्हटले की प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे काही गोष्टी ठरलेल्या असतात : कापलेले गज, खणलेले भुयार, डुलक्या घेणारा पहारेकरी. जिम जार्मुश या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९८६ सालच्या 'डाउन बाय लॉ' या विनोदी चित्रपटात पलायन आहे, पण त्याची तयारी दाखवलेलीच नाही. मोठ्या चित्रसंस्थांच्या बाहेर राहून काढलेला हा कृष्णधवल चित्रपट त्याच वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. तरीही त्याच्याबाबत रसिकांत सरळ दोन तट पडतात. ते का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कथानक थोडक्यात असे. न्यू ऑर्लिन्स शहरातला बेकार रेडिओ-निवेदक झॅक आणि वेश्यांचा दलाल जॅक, दोघेही न केलेल्या गुन्ह्यात अडकवले जातात. त्यांच्या कोठडीत रॉबर्टो नावाचा इटालियन येतो. त्याच्या हातून मात्र बिलियर्डचा चेंडू लागून खरोखरच माणूस मेलेला असतो. तरी तिघांत निर्मळ मनाचा तोच! पुढे तिघे पळतात, दलदलीत भटकतात.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दिवसभर राइस मिलमध्ये राबून आलेला माझा थोरला भाऊ हा चित्रपट पाहताना म्हणाला, "अगं, हे पळणार तरी कधी?" हा प्रश्न अडाण्याचा म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मध्येही (१९५७) भिंतीला महत्त्व नाही. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून ती कथा सुचली. पण बापूंनी भिंत काढून घेतली तेव्हा त्या जागी गाणी दिली, संघर्ष दिला, अश्रू दिले. जार्मुश काढून घेतो आणि जागा मोकळीच ठेवतो.

त्या मोकळ्या जागेत काय दिसते? रॉबर्टो कोळशाने भिंतीवर खिडकी काढतो आणि विचारतो, इंग्रजीत खिडकी'कडे' पाहतात म्हणायचे की खिडकी'तून'? परकी भाषा वहीत टिपून शिकणाऱ्यालाच असा प्रश्न पडतो. माझीही तशी वही आहे, म्हणून मी हसले आणि लगेच गप्पही झाले. भावाजवळ ती वही नाही. फरक बुद्धीचा नसून अनुभवाचा आहे.

आपल्या आमगावजवळचे पद्मपूर भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते. टीकाकारांना उत्तर देताना 'मालतीमाधवा'त तो म्हणतो की, काळ अनंत आहे, पृथ्वी विशाल आहे, समानधर्मा कुठेतरी जन्मेल. समानधर्मा भेटणे हे कलावंताचे भाग्य होय. पण जो समानधर्मा नाही त्याला अरसिक ठरविण्याचा अधिकार आम्हा शिकलेल्यांना त्यातून मिळत नाही, एवढेच मला नम्रपणे सुचवायचे आहे.