तांबे, चांदी आणि सोने : एका गणातील तीन धातू

लखनौच्या चारबाग स्थानकात रुळांच्या वर ताणलेल्या तांब्याच्या तारेतून आगगाडीच्या इंजिनाला २५,००० व्होल्ट दाबाची वीज मिळते. त्याच शहरातील कारागीर चांदी कुटून तिचा वर्ख करीत आले आहेत, आणि सोनेरी जरीचे भरतकामही तेथे प्रसिद्ध आहे. ठोकून पातळ पत्रा करता येणे, ओढून बारीक तार काढता येणे आणि वीज सुलभतेने वाहून नेणे हे गुण तांबे, चांदी व सोने या तिन्ही धातूंत ठळकपणे आढळतात. हे साम्य कशामुळे?

आवर्त सारणीत हे तीन धातू एकाच उभ्या स्तंभात, म्हणजे एकाच गणात येतात. त्यांचे अणुक्रमांक अनुक्रमे २९, ४७ व ७९ आहेत. अणू उत्तरोत्तर जड होत गेले, तरी प्रत्येकाच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. धातूच्या स्फटिकात असे इलेक्ट्रॉन एका अणूशी जखडलेले न राहता सर्वत्र संचार करतात. म्हणून वीज वाहते. अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी बंध तुटत नाहीत. म्हणून धातू घाव सोसतो.

येथे एक शंका उद्भवते. सोडियमच्या बाह्यतम कवचातही एकच इलेक्ट्रॉन असतो. मेंडेलेएव्ह यांनी १८७१ च्या सारणीत सोडियम व तांबे या दोहोंना पहिल्या गणात स्थान दिले होते. परंतु सोडियम पाण्याशी जोराने विक्रिया करतो, तर तांब्याची तार पावसाळ्यातही टिकते. याचे कारण आतल्या कवचात आहे. सोडियममध्ये त्या कवचात ८ इलेक्ट्रॉन असतात, तांब्यात १८. यांतील जादा दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण पुरेसे झाकू शकत नाहीत. परिणामी बाहेरचा इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरला जातो. तो काढण्यास सोडियमच्या बाबतीत दर मोलला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर तांब्याच्या बाबतीत ७४५. आधुनिक सारणीत तांब्याचा गण अकरावा आहे, तो सोडियमच्या गणापासून वेगळा.

तरीही गण म्हणजे तंतोतंत सारखेपणा नव्हे. दमट हवेत तांब्यावर कालांतराने हिरवट थर चढतो, गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते, सोने मात्र तसेच राहते. संयुगांत चांदीची संयुजा बहुधा एक, तांब्याची दोन, तर सोन्याची अनेकदा तीन असते. मूलद्रव्याचे स्थान त्याच्या स्वभावाची दिशा दाखविते. उरलेला तपशील प्रयोगाने तपासावा लागतो.