आधी वहीत लिही, मग रन कर

सई,

व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण कोरी फाईल उघडली की हात चालत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. त्यावर उपाय म्हणून आणखी एक कोर्स लावू नकोस. आहे तो पुरेसा आहे. एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स शिकवतात. तो कोर्स फुकट बघता येतो आणि इतका नीटस आहे की तोच धरून राहा. इंग्रजी बोलणं झरझर निसटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे बरेच धडे मराठीत ऐकायला मिळतात. त्यांची पद्धतही मला पटते: अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर तुझा कोड, आणि प्रत्येक पायरी तिथल्या तिथे करून बघायची.

आता माझं मुख्य सांगणं. कोड रन करण्याआधी तो काय छापेल ते वहीत लिही. दोन ओळींचा असला तरी लिही. मग रन कर. उत्तर जुळलं तर पुढे जा, नाही जुळलं तर तिथेच थांब, कारण तुझ्या समजुतीत नेमकं काय राहिलंय ते तिथेच सापडेल.

हे आजच करून बघ. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही चालतं, म्हणून मराठीतच लिहिते:

यादी = [5, 7, 9]
दुसरी = यादी

आता ‘दुसरी’ला अपेंड करून 11 जोड आणि ‘यादी’ छाप. वहीत काय लिहिलंस? बहुतेक जण 5, 7, 9 लिहितात. छापून येतं 5, 7, 9, 11. दुसऱ्या ओळीने नवी लिस्ट तयार झालीच नाही, एकाच लिस्टला दोन नावं मिळाली. वेगळी प्रत हवी असेल तर कॉपी मागावी लागते. पायथन ट्युटर नावाची साइट आहे, तिथे हाच कोड टाक. दोन्ही नावांचे बाण एकाच चौकटीकडे गेलेले दिसतील. ही एक गोष्ट पक्की झाली, की पुढे फंक्शनला दिलेली लिस्ट आत बदलली तर ती बाहेरही का बदलते, हे वेगळं शिकावं लागणार नाही.

सिंटॅक्स पाठ करत बसू नकोस. कोलन, इंडेंटेशन, रेंज(1, 10) 9 वर थांबते, या सगळ्याचं हाताला आपोआप वळण लागतं. एरर मात्र वाचायला शिक. लाल अक्षरं दिसली की तू खिडकी बंद करतेस, ते सोड. शेवटची ओळ आधी वाच, काय बिघडलं ते तिथे असतं. कुठे बिघडलं तो ओळ क्रमांक तिच्या वर असतो. न मिटलेल्या कंसासाठी पूर्वी भलत्याच ओळीकडे बोट दाखवलं जायचं. 2021 साली आलेल्या पायथनच्या 3.10 आवृत्तीपासून कंस कुठे उघडा राहिला ते स्पष्ट सांगितलं जातं, तेव्हा जुनी आवृत्ती वापरत असलीस तर बदल.

लिस्ट की डिक्शनरी, हे तू विचारलंस. डेटावर पुढे कोणता प्रश्न विचारायचाय ते आधी ठरव. लाखभर मोबाईल नंबर लिस्टमध्ये ठेवून ‘हा नंबर आहे का?’ विचारलंस, तर पायथन पहिल्यापासून एकेक तपासत जातो. नंबर नसेलच तर लाखही तपासून होतात. तेच नंबर सेटमध्ये ठेवले तर नंबरावरून हॅश काढून तो जवळपास थेट जागेवर पोचतो. नंबरासोबत नावही लागणार असेल तर डिक्शनरी घे. क्रम हवा, दुबार नोंदी चालतात, तिसरा-चौथा घटक उचलायचाय, तर लिस्टच बरी. टपलकडे तूर्त फार लक्ष देऊ नकोस. लिंक्ड लिस्ट आणि ट्रीची घाई तर मुळीच नको, वर्गातली मुलं कुठवर पोचली आहेत ते बघून पळू नकोस.

एआयकडून कोड लिहून घेण्याचा मोह होईल. हे पहिले महिने तरी नको गं. लिहिलेल्या कोडचं स्पष्टीकरण विचार हवं तर, पण तेही वहीतलं तुझं उत्तर लिहून झाल्यावर.

या आठवड्यात एक काम कर. एखादा मराठी उतारा घे आणि त्यात कुठला शब्द किती वेळा आला ते डिक्शनरीत मोज. ‘आहे’ आणि ‘आहे.’ हे दोन वेगळे शब्द म्हणून मोजले जातील, ते कसं सोडवायचं ते तूच शोध. अडलीस तर पूर्ण एरर आणि पूर्ण कोड मजकूर म्हणून पाठव, स्क्रीनचा फोटो नको. रात्री नऊनंतर मी मोकळी असते.

तुझी,
आत्या